तोंड शिवलेली धाकटी

३ फेब्रुवारी ८६
तेच तेच. दादाचं पत्र आलं की पुन्हा तीच गोष्ट. वहिनीची लहान बहीण, तिगावची, ती करून घे. एकदा पाहायले येतो लिहिलं तर म्हणते, एकाच घरच्या दोघी, मोठी पाहिली ना, मग लहानीत पाहाचं काय? अरे दादा, वहिनी तुझी बायको आहे, माझ्यासाठी नमुना नाही. सौंसरच्या कापसाच्या जिनिंगचं काम सोडलं तेव्हाही हेच, आमचं ऐकत नाही. नाही ऐकत. चौथीत शाळा सोडली तेव्हा तरी कोणाचं ऐकलं.
घन जोरात मारला. संग काम करणारा शाम्या म्हणे, "लोखंडावर काऊन राग काढून राहिला बे, ते तसंही मरूनच राहिलं."

५ फेब्रुवारी
तोडायले घेतलेल्या जहाजाचं आता बूडच राहिलं. लढाईचं जहाज, रणगाडे वाहायचं. असं आधी तोडलं नव्हतं. खाली परातीसारखं चपटं आणि समोर तोंड, दोन फाटकांचं. किनाऱ्याले टेकलं की तोंड उघडायचं, आतून गाड्या रेतीवर. बुडात टाक्याच टाक्या. समुद्रात पाणी भरून घ्यायचं, किनारा आला की सोडून द्यायचं, मग नाक वर होऊन चढते.
शाम्या गॅसच्या बत्तीनं कापते, मी घनानं पत्रे पाडतो. टाक्यांत निव्वळ गंज. हात लाल होते, धुतले की गेले.
मुकादमाले पुन्हा म्हटलं, मले बत्ती द्या. "पहले हाथ जमने दे." दीड वर्ष झालं, हातच जमवून राहिलो.

१० फेब्रुवारी
अमावास्येच्या भरतीले दुसरं जहाज रेतीवर चढवलं. तेवढंच लांब, तेच नाक. मु. खुश. "सगी बहन है इसकी. बड़ी देख ली, अब छोटी में क्या देखना." घ्या, दादा इथंही पोचला.
तेव्हापासून सगळे मोठी-धाकटीच म्हणून राहिले. पण धाकटीचं तोंड उघडत नाही. फाटकांच्या फटीतून सगळीकडून वेल्डिंग मारलं, जुनं. शाम्या म्हणे, "शिवलं बे हिचं तोंड. लय बोलत असंन."
सगळे हसले. मले नाही आलं हसू.

१४ फेब्रुवारी
आज आत गेलो. मोठीच्या पोटात जिनिंगच्या गोदामासारखी रिकामी जागा होती. हिच्या पोटात पूर्ण कारखाना. लोखंड तासायच्या खरादाचे ओटे, साखळ्या, छताले आकडे. हिनं रणगाडे वाहिलेच नाही. भर समुद्रात दुसऱ्या जहाजांची दुरुस्ती करायची ही. शाम्या म्हणे, "मिस्त्रीण निघाली."
वरून सख्खी, आतून दुसऱ्याच घरची. तोंड बंद, म्हणून वारा नाही. वास बसून राहिला आहे. कशाचा ते समजत नाही.
मु.ले सांगितलं. "नीचे टंकी तो वही है ना?"

१९ फेब्रुवारी
पुढच्या टाकीचं झाकण खोललं, आत हात घातला. लाल नाही. काळा निघाला, चिकट. साबणानं जात नाही, रेतीनं घासला तरी नाही. जेवताना भाकरीले तोच वास, रॉकेलसारखा.
मु.ले हात दाखवला. म्हणे ग्रीस आहे. पाण्याच्या टाकीत ग्रीस काऊन येईल? "बड़ी में था क्या कुछ? नहीं ना? तो इसमें कहाँ से आएगा."
शाम्या म्हणे, दुसऱ्या जहाजांले तेल द्यायचं असंन तर ठेवत कुठं होती ही?
पण पौर्णिमेच्या मोठ्या भरतीआधी पुढचं बूड हलकं पाहिजे, तवाच वर ओढता येते. म्हणून घाई.

२० फेब्रुवारी
शाम्यानं कडेची लहान टाकी घेतली. बत्ती टेकवली आणि भप्प. आवाज मोठा नाही. कोणी फुंकर मारली असा. निळी जीभ बाहेर आली आणि परत आत गेली.
शाम्याचा उजवा हात भाजला, कोपरापर्यंत. भुवया गेल्या. डोळे वाचले.
मु. म्हणे रंग पेटला, होते असं.
ही सगळ्यात लहान टाकी होती. मधली हिच्या दहापट

२१ फेब्रुवारी
शाम्या तापात. पट्टीतून पाणी येऊन राहिलं. म्हणते, "चाल बे, घरी जाऊ. नागपूरवरून गाडी धरू, पांढुर्ण्याले माय वाट पाहून राहिली." मग म्हणते, धाकटी संपेपर्यंत मजुरी अडकली, तसा कसा जाऊ. परवा डाव्या हातानं कापीन म्हणते. मु.नं कबूलही केलं त्याले.
मी सरळ मु.कडे गेलो. म्हटलं, मी कापतो, शाम्याले नका उतरवू. बत्ती माझ्या हातात दिली. "ले, तुझेच चाहिए थी ना."
टाकीत आधी पाणी भरून द्या, तेलाची वाफ निघून जाईल, म्हटलं. पंप पौर्णिमेनंतर येईल म्हणे. तोपर्यंत थांबू? तो बोटांवर भरतीचे दिवस मोजायले लागला.

२२ फेब्रुवारी
सकाळी अडून बसलो. आधी तोंड कापू द्या, वारा आत शिरू द्या, मग टाकी. मु.नं लय कुरकुर केली, शेवटी दुपारपर्यंतचा वेळ दिला.
माझं पहिलं कटिंग. वेल्डिंगची शिवण वरून खाली कापत आणली, सरळ आली. शाम्या खाली बसून पाहत होता. "हात जमला बे तुझा."
फाटक जरासं सुटलं तशी आतली हवा बाहेर आली. गरम. सगळे मागं सरकले, मु.पण. सगळी झाकणं मीच उघडून ठेवली, पंखा लावला. तासाभरानं वाकून पाहिलं. वास कमी झाला, गेला नाही. मु. म्हणे सकाळपर्यंत जाईल.
सकाळी मधली टाकी. एकटाच उतरणार. शाम्याले सांगितलं, दूर बस, रेतीवर. शिव्या दिल्या त्यानं.
पोस्ट बंद व्हायच्या आत पळत गेलो. दादाच्या नावानं मनीऑर्डर. मास्तर विचारते, निरोपाच्या जागी काय लिहू? म्हटलं, कोरी ठेवा. दर खेपी शंभर जाते. आज जवळ होते तेवढे, तीनशे चाळीस.