जर, तर आणि केळझर

३ ऑगस्ट १९५८, रविवार. सकाळ.
आजपासून रोजनिशी. आजूबाजूला सध्या जे चालले आहे त्याची नोंद कुणीतरी ठेवायला हवी. चालले आहे हे नक्की. काय चालले आहे ते कळेलच.

पेपरात वाचले की कलकत्त्याला हिशेब करणारे एक विजेचे यंत्र आहे. त्याला दोनच गोष्टी कळतात, हो आणि नाही. बाकी सगळा कारभार जर-तरवर. जर अमुक खरे असेल तर हे करा, नाहीतर ते करा. मधले काही नाही. हेवा नाही, मागून कुजबुज नाही. गणिताचा मास्तर म्हणून प्रामाणिकपणे लिहितो, माझे डोके मुळातच असे आहे. फक्त वर्ध्यात त्याची कुणाला कदर नाही.

संकल्प: आजपासून यंत्रासारखा विचार. घरातही, शाळेतही.

दसऱ्याला आमचे हेडमास्तर अण्णाजी रिटायर होतात. त्यांच्या जागी एकतर मी, नाहीतर मराठीचे किसनराव. किसनरावांना कविता पाठ आहेत. मला नियम पाठ आहेत. शरयूला सांगून टाकले, पोस्ट पक्की समज. ती म्हणाली, बरं. मग हिंगणीच्या तिच्या वडिलांचे काहीतरी सांगत होती. मी पेपर वाचत होतो.

४ ऑगस्ट, सोमवार.
दहावीला जर-तर शिकवले. फळ्यावर लिहिले: जर पाऊस पडला, तर मैदान ओले होते. मग विचारले, मैदान ओले आहे, तर पाऊस पडला का? सगळा वर्ग एका सुरात हो म्हणाला. सगळ्यांना उभे केले. अरे, नत्थू शिपायाने पाणी मारले असेल! पाऊस पडला तर मैदान ओले, हे खरे. पण मैदान ओले म्हणजे पाऊसच, हे खोटे. उलट्या बाजूने चालायचे नाही.

अशी चूक शिकलेली माणसेही करतात. किसनराव तर रोज करत असतील.

६ ऑगस्ट, बुधवार.
घरासाठी पहिला नियम. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला: ‘जर पाऊस आला आणि मी घरी नसलो, तर वाळत घातलेले कपडे आत घ्यावे.’
शरयूने दोनदा वाचला. काही बोलली नाही. का बोलली नाही?

८ ऑगस्ट, शुक्रवार. संध्याकाळ.
घात झाला. मुलाखतीचा कोट उन्हाला टाकला होता. मी आत बसून खऱ्या-खोट्याचे तक्ते करत होतो. सर आली. शरयू दारात उभी राहून कोट भिजताना बघत होती, अगदी शांतपणे. विचारले तर म्हणाली, “तुम्ही तं घरीच होते ना. तुमच्याच कागदात तसं लिहून आहे.”

खोलात शिरलो. ‘आणि’ असला की दोन्ही गोष्टी खऱ्या लागतात. पाऊस खरा, मी घरी नसणे खोटे. म्हणजे एकूण खोटे. नियमात चूक नाही. पण हे तिला इतक्या लवकर कसे कळले? कुणीतरी शिकवते आहे. किसनरावांची बायको सुमती नळावर तिच्याशी बोलत असते.

९ ऑगस्ट, शनिवार.
‘आणि’ खोडून ‘किंवा’ केले. आता दोन्हीपैकी एक गोष्ट खरी असली तरी कपडे आत. फटच ठेवली नाही.

दुपारी शाळेतून आलो. बाहेर कडक ऊन आणि घरात खाटेवर, खुर्चीवर, माझ्या टेबलावर ओले कपडे. कोटही ओलाच. मी घरी नव्हतो, म्हणून शरयूने सगळे आत घेतले होते. मी म्हणालो, ऊन दिसत नाही का? तिने दाराकडे बोट दाखवले.

कोट अजून वाळलेला नाही. मुलाखतीच्या आधी माझा कोट वाळू नये, यात कोणाचा फायदा आहे ते मी इथे लिहीत नाही.

१० ऑगस्ट, रविवार.
शरयू हिंगणी, नागपूर, तिचा भाऊ माणिक असे पुष्कळ काही सांगत होती. शेवटी तिने विचारले, करू ना मग? मी तक्त्यात होतो. ‘हो’ म्हणालो. यंत्र एवढेच उत्तर देते. वेळ वाचतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार.
शरयू सकाळच्या बसने केळझरला गणपतीला जाऊन आली. सोबत कोण, तर सुमती. तिथे नवस बोलली म्हणे. काय, ते विचारले. म्हणाली, फेडेपर्यंत सांगायचा नसतो.

आधी राग आला. मग यंत्रासारखा विचार केला. नवस म्हणजे काय? शुद्ध जर-तर. जर हे झाले तर मोदक घेऊन येईन. आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बोलतात, पण त्यामागचे शास्त्र त्यांना माहीत नाही. आता ‘जर’च्या जागी काय असणार? नवऱ्याची पोस्ट. दुसरे आहेच काय! शरयू वरून अबोल असली तरी आतून माझ्याच बाजूची आहे. मन भरून आले.
पण सुमती शेजारी उभी राहून कोणता नवस बोलली? एकाच गणपतीपुढे दोन अर्ज. सावध राहावे लागेल.

१५ ऑगस्ट, शुक्रवार.
झेंडावंदन. किसनरावांवर नजर ठेवली. कालच नियम बांधला होता: जर किसनराव अण्णाजींशी बोलले आणि अण्णाजी हसले, तर कट आहे. किसनराव बोलले. अण्णाजी हसले नाहीत.

हसू दाबले असणार. कट आहे.

१८ ऑगस्ट, सोमवार.
मुलाखत. कोट घातला, वास येत होता. कमिटीच्या एका सभासदाने विचारले, शाळा कशी चालवाल? मी म्हणालो, जर-तरने. त्यांना यंत्र, ‘आणि’, ‘किंवा’ सगळे समजावून सांगितले. अर्ध्या तासाने ते म्हणाले, पुरे. अवाक् झाले होते. किसनराव आत गेले आणि थोड्याच वेळात बाहेर आले. बाहेर हसण्याचा आवाज आला होता. त्यांना हसत असतील.

शरयूला म्हणालो, पक्के म्हणत होतो ते आता शिक्कामोर्तब समज. तिचे लक्ष रस्त्याकडे होते. माणिकची वाट बघत होती. तो कशाला येणार आहे कोण जाणे.

२६ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी सात.
झाले!
उठलो तर घरभर मोदकांचा वास. शरयू नवे लुगडे नेसून डबा भरत होती. कुठे? केळझरला. कशाला? “नवस फेडाले.” तिचे डोळे भरून आलेले. मी काही विचारले नाही. विचारायचे राहिलेच काय?

मांडणी: जर मला पोस्ट मिळाली, तर शरयू नवस फेडणार. शरयू नवस फेडते आहे. म्हणून मला पोस्ट मिळाली. कमिटीवाल्या कुणाच्या तरी बायकोने नळावर सांगितले असणार. देवाला सांगून मग मला सांगायचे, असा तिचा बेत. बिचारी. महिनाभर मी तिच्यावर उगाच संशय घेतला.

सायंकाळ.
शाळेत जाताना पेढे घेतले. सगळ्या मास्तरांना एकेक दिला, नत्थूला दोन दिले. कशाचे म्हणून विचारले तर नुसता हसलो. मोठ्या जागेवरच्या माणसाने फार बोलू नये. अण्णाजी नागपूरला गेले होते. त्यांच्या खोलीत जाऊन टेबल पूर्वेकडे फिरवून घेतले. नत्थू कुरकुरला. त्याचे नाव लक्षात ठेवले आहे.

२७ ऑगस्ट, बुधवार.
बोर्डावर कमिटीची नोटीस. किसनराव.
पुन्हा वाचली. किसनराव.

स्टाफरूममध्ये सगळे उभे होते. पळायला वाट नव्हती. किसनराव समोरून आले आणि सगळ्यांदेखत माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, “निकाल तुम्हाले कालच कयला होता, अन्‌ तरी माह्या नावानं पेढे वाटले. टेबलही फिरवून ठेवलं. इतकं मोठं मन मी नाई पाह्यलं.” त्यांचा आवाज खरोखर कापत होता. अण्णाजींनी पाठ थोपटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मी म्हणालो, त्यात काय विशेष.

मैदान. नत्थू. पाणी. जास्त लिहीत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार.
काल दिवसभर शरयूशी बोललो नाही. आज राहवेना. पोस्ट मला मिळाली नाही, तर नवस कसला फेडला, एवढेच विचारले. मनात आले होते की ही किसनरावांसाठीच नवस बोलली असेल.

तिने हातातली परात खाली ठेवली. म्हणाली, बाबांच्या डोळ्यांचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, माणिकने नागपूरला नेऊन ऑपरेशन करवले, सोमवारी पट्टी निघाली, माणिक रात्री मी झोपल्यावर येऊन सांगून गेला. सुमतीच्या आईचे तसेच ऑपरेशन झाले होते, म्हणून शरयू नळावर तिला विचारत होती. “तुम्हाले तीनदा सांगतलं. करू ना, म्हणून विचारलं, तं तुम्ही हो म्हटलं.”

मी म्हटले होते. रोजनिशीत आहे.

मग विचारू नये ते विचारले. माझ्या पोस्टसाठी काऊन नाही बोलली? रागात माझ्या तोंडूनही ‘का’ऐवजी ‘काऊन’ गेले.

तिने परात पुन्हा उचलली. टोमणा नव्हता, तेच वाईट. म्हणाली, “तुम्हीच म्हटलं ना का पक्कं आहे म्हणून. जे पक्कं आहे, त्याच्यासाठी गणपतीले कायले त्रास द्याचा?”

तिच्या बोलण्यात कुठेही चूक नव्हती. मी दोनदा तपासले. तिच्या बाबांना दिसेल की नाही, याची काळजी ती महिनाभर एकटी वाहत होती, आणि मी तिच्या शेजारी बसून तिच्यावर पहारा करत होतो. लाज वाटली. दारावरचा कागद काढला. खळ घट्ट बसली होती, थोडा रंगही निघाला.

३१ ऑगस्ट, रविवार.
शरयूबरोबर हिंगणीला जाऊन आलो. मीच चल म्हणालो. सासरे, बंडोपंत, ओसरीवर बसले होते, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. आमच्या लग्नातही त्यांना धूसरच दिसत होते. तेव्हापासून मला ओळखायचे ते बोलण्यावरून.

त्यांनी माझा हात धरून मला अंगणात उजेडात नेले. खालपासून वरपर्यंत सावकाश पाहिले. शरयू, तिची आई, माणिक, सगळे बघायला गोळा झाले. मी छाती थोडी पुढे काढली.

“जावईबापू,” ते म्हणाले, “आवाजावरून मले वाटे, तुम्ही चांगले उंच असान.”

शरयू पदर तोंडाला लावून हसली. किती दिवसांनी हसली, मला सांगता येणार नाही, कारण त्याची नोंद मी ठेवलेली नाही.
मी सासऱ्यांना म्हणालो, चष्मा बरोबर लागला आहे.