बिननावाचा उमेदवार

१४ जुलै
ठरलं. ड्रेन कमिशनरची, म्हणजे नाल्यांच्या अधिकाऱ्याची, निवडणूक लढवणार. अपक्ष. अर्जाला लागणाऱ्या सह्या जमल्या (आई दारोदार फिरली). शाळा सोडली म्हणून काय झालं? काउंटीतल्या शेतांचं पाणी वाहतं ठेवायचं, एवढंच काम. आणि नाल्यांशी बोलावं लागत नाही. वर्न स्ट्रूप म्हातारा माझ्या जन्माआधीपासून त्या खुर्चीत बसलाय. आता बास. मी हरूच शकत नाही.

२० जुलै
घरोघरी प्रचार. लोक कामावर असतानाच गेलो, उगाच त्रास नको. डाल्के आजी मात्र घरातच निघाली. म्हणाली, काय रे, काय विकतोयस? म्हटलं, काही नाही. म्हणाली, मग त्या वर्नला जाऊन सांग, माझं बीट पाण्यात कुजतंय! हो म्हटलं. स्वतःचं नाव सांगायचं राहिलं.

१० ऑगस्ट
जत्रेची परेड. उमेदवाराने ट्रॅक्टरवरून पोरांकडे चॉकलेटं फेकायची असतात. सगळे बघायला लागले. घाम. अख्खी पिशवीच फेकली. शेरीफच्या घोड्याला लागली. घोडा उधळला, वर्नने लगाम धरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याला फुकटची प्रसिद्धी! असो.

२ सप्टेंबर
नवा प्लॅन. आपण गप्प, काम बोलेल. उजाडायच्या आत डाल्के आजीचा नाला उपसला. रस्त्याखालच्या पाइपात दातांनी झाडं पाडणाऱ्या बीव्हर कार्ट्याने काटक्यांचं धरण बांधलं होतं. काढलं. पाणी सुटलं. मीपण थोडा वाहून गेलो.

२८ सप्टेंबर
बरेच नाले झाले. गावच्या डायनरमध्ये, म्हणजे खानावळीत, दुसरा विषयच नाही. आजी ओरडून सांगत होती, वर्न जागा झाला एकदाचा! मी कोपऱ्यात ॲपल पाय खात होतो.  मतदार हुशार असतात, कळतं त्यांना.

१९ ऑक्टोबर
आई म्हणाली, अरे गाढवा, तोंड उघड की! म्हटलं, आपल्या तोंडाने आपली स्तुती शोभत नाही. पण बोर्ड लावले, गावभर. 'नाले साफ झाले ना? मग त्याच माणसाला मत द्या.' नाव टाकायला लाज वाटली. फोटो तर नाहीच. विजय नक्की.

५ नोव्हेंबर
वर्नला एवढी मतं आजवर कधीच पडली नव्हती.
डायनरमध्ये त्याने भाषण केलं. म्हणाला, खरं सांगू, एवढं काम मी केलं कधी, माझं मलाच कळेना! सगळे खो खो हसले. आईने कोपर मारलं. म्हणाली, ऊठ, आत्ता सांग.
उठलो. सगळे वळून बघायला लागले.
म्हटलं, अभिनंदन, साहेब.