राहून गेलेला स्वल्पविराम

मी, खाली सही करणारा, कुलपे-किल्ल्यांचा कारागीर, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी (पाचवीत दोनदा बसलो, ते धरलेले नाही), हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नव्हे, तर स्वतःच्या काळजीपोटी लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे कागदावर दिले आहे. त्यांना मी चार वाजताची गोष्ट सांगितलेली नाही.

भाषा शेजारच्या निवृत्त कारकुनाने तपासली आहे. तो म्हणाला, मृत्युपत्रात मिळकत लिहायची असते, गाऱ्हाणी नाहीत. मी म्हटले, गाऱ्हाणी हीसुद्धा माझीच मिळकत आहे, आणि तीच जास्त आहे.

एक. राहते घर, दोन खोल्या व मोरी, थोरल्या मुलीला. तिने मागचे दार रोज ओढून पाहावे. मी जन्मभर कुलपे दुरुस्त केली, तरी घराचे कुलूप तीनदा ओढल्याशिवाय निघत नाही. बँकेत जे असेल ते दोघी मुलींनी सारखे वाटून घ्यावे. धाकटीने भांडायचेच ठरवले तर समोर येऊन भांडावे, फोनवर लिहून नाही. का, ते पुढे येईल.

दोन. मेहुण्याला माझी लांब दांड्याची छत्री. ती नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे, आता हक्काने राहील. 'बाजारातले जुने कारागीर' हा फोनवरचा ग्रुप त्यानेच काढला. आम्ही अकरा जण होतो. मग ह्याचा जावई, त्याचा साडू असे करत त्याने दीडशे माणसे भरली. त्यातल्या निम्म्यांनी जन्मात कानस धरलेली नाही. मी त्याला माफ केले आहे, असे कारकुनाच्या सांगण्यावरून लिहितो.

तीन. दुकान व आतला कामाचा बाक. ह्या बाकाच्या उजव्या बाजूला मी आणि डाव्या बाजूला माझा जोडीदार, असे आम्ही एकेचाळीस वर्षे बसलो. त्याचा धर्म वेगळा, माझा वेगळा. त्यावरून रोज जुंपायची. मी म्हणायचो, "मेल्या, तुझा देव बहिरा का रे? रोज तेच गाऱ्हाणं सांगावं लागतं." तो किल्ली घासणारी कानस न थांबवता म्हणायचा, "आणि तुझा आंधळा. नाहीतर तुला इतकी वर्षं ठेवला असता?" कधी माझा शब्द जास्त व्हायचा. तेव्हा त्याची कानस थांबायची. मान वर करून बघावे लागत नसे. मी विचारायचो, चहा सांगू का रे? थोड्या वेळाने कानस पुन्हा सुरू. एवढ्यावर आमच्या दोन्ही देवांचे निभावले.

दुकान थोरलीलाच. चालवायचे की विकायचे, तिने ठरवावे. पण बाक हलवायचा नाही.

चार. माझा फोन. हा फोन काय आहे हे कळावे म्हणून सगळे लिहितो.

मला बोटाने लिहायला फार वेळ लागतो. मी बोलतो, फोन लिहितो. एका मंगळवारी जोडीदार तापाने घरी होता. ग्रुपमध्ये कोणीतरी विचारले, देव खरेच ऐकतो का? जोडीदाराने अंथरुणातून लिहिले की त्याचा देव पुटपुटलेलेही ऐकतो. मी दुकानातून फोनला आमचे नेहमीचेच वाक्य सांगितले. फोनने लिहिले:

मेला तुझा देव बहिरा का रे

मी वाचून पाहिले. मला काही खटकले नाही. लोकांनी मात्र असे वाचले: मेला तुझा देव. बहिरा का रे?

दीडशे माणसे उठली. ज्यांची तोंडे मी कधी पाहिली नाहीत, त्यांनी माझ्या मरणाची वेळ ठरवून टाकली. ज्यांची तोंडे मी तितकीच पाहिली नाहीत, त्यांनी मला शाबासकी, अंगठे आणि आगीची चित्रे पाठवली. थोरलीचा फोन आला. "बाबा, काय लिहिलंत हे? आधी पुसा ते." तिने एकेक शब्द फोडून सांगितला, तेव्हा मला चूक कळली. 'मेल्या'चे 'मेला' झाले होते आणि त्यापुढचा स्वल्पविराम राहिला होता. एका मिनिटात दुरुस्त झाले असते.

पण तोवर ऐंशी अंगठे आले होते. बसलेल्या किल्लीला कोणी शाबास म्हणत नाही, न बसलेलीच लोक परत आणतात. मी चष्मा लावला, एकेक अक्षर शोधले आणि बोटाने लिहिले: खरे तेच बोललो. हे फोनने चुकून लिहिलेले नाही. हे मी लिहिले.

कारकून विचारतो, फोनवर देवाधर्माचे निघाले की माणसे अशी अंगावर का येतात? मला एवढेच कळले आहे. बाकावर मी त्याच्याशी बोलायचो. ग्रुपमध्ये त्याचे नाव घेऊन दीडशे जणांना ऐकवले. आणि तिथे कोणाची कानस थांबली, ते ऐकू येत नाही.

माझी सबब तीही नाही. त्या दिवशी त्याच्या नावापुढे 'टाइप करत आहे' असे आले. चाळीस मिनिटे होते. मग गेले. कानस थांबली होती, मला कळले होते, आणि मी चहा विचारला नाही. ताप छातीत उतरला. अकराव्या दिवशी तो गेला. मी त्याच्या जिन्यापर्यंत जाऊन परत फिरलो.

पाच. त्यानंतर महिन्याभराने सुरू झाले. रोज दुपारी चारला, आमच्या चहाच्या वेळी, ग्रुपमध्ये त्याच्या नावापुढे 'टाइप करत आहे' येते. पाच-सात मिनिटे राहते, मग जाते. येत काही नाही. मेहुणा म्हणतो, नेटवर्कचा घोळ. वहिनी, म्हणजे जोडीदाराची बायको, म्हणते की त्यांचा फोन फडक्यात गुंडाळून कपाटात आहे, ते गेल्यापासून बंद. तेवढ्याच वेळात बाकाच्या डाव्या बाजूला पितळेचा कीस पडतो. मी पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी तितकाच असतो. दोन वर्षांत मी पितळ आणलेले नाही. बोट लावले तर कीस कोमट लागतो.

म्हणून अट अशी की माझ्यामागे थोरलीने हा फोन चालू ठेवावा आणि चारला बाकावर आणून ठेवावा. जे काही येईल ते डाव्या बाजूकडे तोंड करून मोठ्याने वाचावे. शिवी असली तरी वाचावी. मला हे उत्तर ऐकायचे आहे. जिवंतपणी नाही तर नंतर.

सहा. जोडीदाराच्या चौदा कानशी वहिनीला. परंतु वहिनी ह्या कागदाला साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे कारकून म्हणतो. म्हणून त्या आजच हातात दिल्या. तिने एकेक पुसून घेतली आणि म्हणाली, "भावजी, ते चिडले नव्हते हो. नुसतं म्हणत होते, ह्याला लिहायला शिकवायचं राहून गेलं."

येणेप्रमाणे वाचून, ऐकून, मान्य करून सही केली आहे.

ठिकाण : दुकान, बाकाची उजवी बाजू.
तारीख : जोडीदाराला जाऊन सात महिने पूर्ण झाले तो मंगळवार, दुपारी पावणेचार.

सही : कुलूपवाला

साक्षीदार १ : निवृत्त कारकून
साक्षीदार २ : वहिनी. (कपाटातला त्यांचा फोन मी सोबत आणला आहे. फडक्यातून काढलेला नाही.)

पुरवणी, त्याच दिवशी, चार वाजून नऊ मिनिटे. अक्षर हलले आहे, डोके नाही.

आले. दोन्ही साक्षीदारांनी पाहिले. जसेच्या तसे उतरवतो:

मेल्या, ये. चहा निवतोय.

स्वल्पविराम जागेवर आहे.

कलम पाचमधली अट रद्द. फोन बंद केला तरी चालेल. दुकान उघडेच ठेवले आहे. कोणी ओढून पाहू नये.

सही : कुलूपवाला
साक्षीदार १ : पाहिले. कारकून.
साक्षीदार २ : शब्द त्यांचेच. फोन माझ्या मांडीवर होता, बंद. वहिनी.