फ्लेक्सवरची चार बोटं

आप्पा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मला ते जमत नाही. बारामतीच्या ज्या कॉलेजात मी शिकवते, तिथे दर उन्हाळ्याआधी एखादी मुलगी विचारते, "मॅडम, परदेशातल्या कोर्सला जाऊ का?" मी जा म्हणते आणि तुमच्यावर येते. "मी गेले होते दोन महिने. पुढे दोन वर्षांसाठी बोलावलं, तर वडिलांनी पाठवलं नाही." मुलगी हळहळते. मला बरं वाटतं.

जर्मनीतल्या त्या उन्हाळ्यात तुमचा दर रविवारी फोन यायचा. "फिराया गेलीस का शिकाया?" एवढंच. मी म्हणायची, "लायब्ररीत असते, आप्पा." साफ खोटं. तिकडे शनिवार-रविवारी एका तिकिटावर पाच जणांना रेल्वेने कुठेही हिंडता यायचं. होस्टेलमधल्या चौघांना पाचवं कुणी मिळेना म्हणून त्यांनी मला ओढून नेलं, आणि मग पाचवी कायमची मीच ठरले. तळी पाहिली, किल्ले पाहिले, वाट चुकून एका शेतात जाऊन चेरी खाल्ल्या. संध्याकाळी होस्टेलच्या स्वयंपाकघरात मी पिठलं करायची. मेक्सिकोचा मुलगा त्यावर चीज किसायचा आणि तुर्कस्तानची मुलगी कढई बोटाने पुसून खायची. तिथे मला कुणी "तू कुणाची?" असं विचारलं नाही.

किल्ल्याच्या पायऱ्यांवरचा आम्हा पाच जणांचा एक फोटो मी तुम्हाला ईमेलने पाठवला. का पाठवला, देव जाणे. तुम्हाला दाखवावंसं वाटलं, एवढंच. फिरायला नको म्हणणाऱ्या तुम्ही त्याच फोटोचा फ्लेक्स केलात. मी परतले तर आपल्या गावी, कळंबच्या चौकात मी दहा फूट उंच, डोक्यावर 'गावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन' आणि पायाशी सगळे चुलते, पाव्हणे गोल चौकटीत. बाकीचे चौघे तुम्ही कापायला लावले होते. पण मला न कापता माझ्या खांद्यावरचा हात कापता येईना, म्हणून चार बोटं तशीच राहिली. सत्काराला शाल घेऊन उभी असताना एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "पोरी, ह्यो हात कुनाचा गं?" सगळा मांडव हसला. तुम्हीही ओठ ताणून हसलात. तेव्हाच मी ओळखलं, आता घरी माझं काही खरं नाही.

वालचंदनगरला कारखान्याच्या आपल्या क्वार्टरमध्ये आई भाकरी थापत होती. तुम्ही टोपीसुद्धा काढली नव्हती.

"हात कुनाचा?"

"मेक्सिकोच्या मुलाचा. संगं शिकायला हुता."

"गावात तोंड दाखवाय जागा ठिवली न्हाईस."

"बोटं तुमीच ठिवली, आप्पा."

आईचा हात थांबला. तिकडच्या प्राध्यापकांचं बोलावणं त्याच आठवड्यात आलं होतं आणि खर्चाच्या हमीपत्रावर तुमची सही हवी होती. तुम्ही ते कागद कपाटावर भिरकावलेत. "आता कुठं जायाचं न्हाय." एका म्हातारीच्या चेष्टेपायी! पोरीपेक्षा चौक मोठा होता तुम्हाला, आणि याची चीड मला आजही येते.

आता राहिलेलं लिहिते. बारा दिवसांनी तुम्ही पहिली पाळी संपवून, कारखान्याच्या खाकी कपड्यांतच एसटीने बारामतीला आलात. मी तेव्हा तिथे शिकायला राहायची त्या मुलींच्या होस्टेलमध्ये पुरुषांना सोडत नव्हते, म्हणून फाटकाबाहेर उभे राहिलात. हमीपत्र माझ्या हातात दिलंत. "सही केलीया. जायाचं तर जा. जपून ऱ्हा." चुकलं म्हणाला नाहीत. मी म्हणाले, "आता मलाच जायचं न्हाय." तुमचा चेहरा पडलेला मला पाहायचा होता, आणि तो पडला. कागद पाठवायच्या मुदतीला अजून नऊ दिवस होते. तुम्ही माफी मागाल म्हणून वाट बघत मी नऊही दिवस काढले आणि मुदत जाऊ दिली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. उद्या दुपारी एक मुलगी विचारायला येणार आहे. तिलाही मी हेच सांगेन, की वडिलांनी पाठवलं नाही.