मंद्रूपच्या लिंबावरची फडकी

शुक्रवार पेठ, सोलापूर
३ फेब्रुवारी २०२५

ती. सिद्रामकाकांस,
राजश्रीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून हे पत्र. कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता मी प्रवास आणि झाडं यांवर लेख लिहिलाय. त्यात मंद्रूप फाट्यावरचा आपला कडुलिंब आहे! फांद्यांना बांधलेली रंगीत फडकी म्हणजे वाटसरूंचे नवस, असं मांडलंय. पेपरातही आलं. आता रस्ता रुंद करणारे झाडाला हात लावणार नाहीत. कात्रण सोबत आहे.

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, कौतुक थोडं जास्त चालेल.

तुमची राजश्री

मंद्रूप
८ फेब्रुवारी

चि. राजश्रीस,
काकाचे पोटभर आशीर्वाद.

कात्रण ऐकून तुज्या मीनाकाकूला हसून हसून ठसका लागला. अगं शहाणे, कसला नवस! ती भाकरीची फडकी हायत. सोलापुरात शिकणाऱ्या पोरांच्या भाकरी आमी सकाळच्या एसटीत देतो. संध्याकाळी कंडक्टर रिकामी फडकी फांदीला बांधून जातो, जो तो आपलं वळखून नेतो. तू इतकी प्रवासावर लिवतीस, एकदा गाडीतनं खाली उतरायचं हुतं की!

आता खरी पंचाईत ऐक. रस्त्याचे राजशेखर साहेब तुजं कात्रण घेऊन आले, लिंबाला हात जोडले आणि म्हणाले, शांती करून झाडातल्या देवाला पलीकडं नवा कट्टा बांधून देतो. अठरा तारखेला, मंगळवारी, झाड कापायला करवत येणार. मला घास गोड लागंना बघ. कायतरी कर.

तुजा काका

शुक्रवार पेठ
१३ फेब्रुवारी

ती. काकांस,
शरमिंद्या पुतणीचा सा. न. वि. वि.

खरंय, फोटो मी गाडीच्या काचेतूनच काढला होता. आज साहेबांच्या कचेरीत जाऊन, सगळ्यांसमोर, देव नाही, भाकरी आहे, असं कबूल केलं. शिपाईसुद्धा हसला. साहेबांनी नुसती मान हलवली. देव होता तोवर निदान हात तरी जोडत होते, आता तेही गेलं. काका, माझ्यामुळे झाड गेलं तर मी तुम्हाला तोंड कसं दाखवू?

राग धरू नका, पत्र मात्र लगेच धाडा.

तुमची राजश्री

मंद्रूप
२० फेब्रुवारी

चि. राजश्रीस,
काकाचे लई लई आशीर्वाद.

करवत आली तशी माघारी गेली! मी तितंच लिंबाखाली बसून रडलो पोरी, खोटं कशाला सांगू. साहेब म्हणाले, देव एका दिवसात हलवता येतो, नारळ फोडला की झालं. पण चाळीस आयांच्या भाकरीची जागा हलवायची म्हंजे चाळीस आयांना तोंड द्यायचं. त्यापरीस रस्ताच जरा वळवून घेतो.

काकाची माया हाय तशीच हाय.

सिद्राम