दोघीतली कोनती कामावर घेऊ?

शिरपूर,
गुरुवार

चिरंजीव राजूले ताईचा पोटभर आशीर्वाद.

मेडशीत तू, सुचिता अन् लेकरं सुखात असान, अन् तुही पाठदुखी आता सोयाबीन काढाच्या दिवसांपुरतीच उरली असंन, असं समजून लिहून राह्यली. (फोनवर तू हाव हाव म्हनतं अन् विसरतं, म्हनून हे पत्र यष्टीच्या कंडक्टरजवळ देऊन राह्यली.) इकडं मी बरी आहो, तुहे भाऊजी बरे आहेत, पन वर्षाराणी बेपत्ता आहे. घाबरू नको, ते मीच.

त्याचं असं झालं. वाशीमच्या एका डाळ मिलमधे आलेली तूर पारखाले बाई पाह्यजे व्हती. मी गेली. पाच पोत्यांतले दाने दाताखाली धरले अन् वल्ली कोनती, वाळली कोनती, पटापट सांगून देल्लं. (बाबा खळ्यावर आपल्याले हेच इचारत. तू दाने गिळूनच टाके, म्हनून तुही परीक्षा कदी झाली नाई.) मुकादम खुश. म्हने, आता कागदं तपासनीले द्या.

तपासनीवाली म्याडम कालची पोरगी, पन एकेक कागद उजेडात धरून पाहे. तिनं पुकारलं, वर्षाराणी नानाजी कोन? दोनदा पुकारलं. मीबी बाकीच्या बायांसारखं इकडंतिकडं पाह्यलं. वरून मीच सांगतलं, आली नसंन वं बाई. मंग ध्यानात आलं का हे त आपूनच.

तिचं म्हननं, कागदावर तुमी दोघी आहा. वर्षाराणी दहावी पास आहे, पन तिले आधार कार्ड नाई. ज्योत्स्नाजवळ आधार आहे, पन ते शाळेतच गेली नाई. दोघीतली कोनती कामावर घेऊ? मी म्हनलं, दात एकाच बाईचे आहेत. त म्हने, दाताचा दाखला चालत नाई. माह्यासंगं आलेले तुहे भाऊजी पुढं झाले, म्हने, मी त एकीसंगंच लगन केलं. कोनतीसंगं, असं तिनं इचारलं, अन् हा मानूस इचार करत उभा राह्यला.

येता येता यष्टीत मले तो दिवस आठवला. तू नऊ वर्षांचा, माह्यासंगं पाठराखा म्हनून आला व्हता. ह्यायनं ताटातल्या तांदळात अंगठीनं ज्योत्स्ना लिहिलं. (नाव सासूबाईनं ठरवलं. मले कोनी इचारलं नाई.) सारे वाकून वाचून राह्यले व्हते, अन् तू, हे आमची ताई नोय, म्हनत ताटात हात घालून सारं मोडून टाकलं. मामानं तुह्या पाठीत धपाटा घातला. तवा मलेबी तुहा राग आला व्हता, खोटं कायले सांगू. परवा मात्र खिडकीकडं तोंड करून रडली.

त सोमवारपर्यंत दोघी एकच हे दाखवाले लागते, नाई त जागा दुसरीले जाईन. लगनपत्रिका मायच्या पेटीत असंन, त्याच्यावर माह्या माहेरच्या नावासंगं ह्यायचं नाव छापलं आहे. ते घेऊन तू स्वतः ये.

तुही ताई (दोघीबी)

ता. क. पत्रिका इथंच सापडली. तुह्या भाऊजीनं बावीस वर्षं ते पोथीत जपून ठेवली व्हती, अन् सांगाले लाजत व्हते. म्हंजे कागदासाठी आता तुही गरज नाई.

आनखी एक. तरीबी ये. अन् फाटकापासूनच मोठ्यानं वर्षाताई म्हनून हाक मार. माय गेल्यापासून ह्या नावानं मले कोनी बलावलं नाई. ह्या खेपेले मी ओ देईन.