विहिरीकाठचा माड कुणाचा

आई, आज तू समोर असतीस तर मी तुझ्याशी कडाकडा भांडले असते, आणि तू नेहमीप्रमाणे सुपातले तांदूळ पाखडत "झालं तुझं बोलून?" एवढंच विचारलं असतंस. नाही झालं. चौदा वर्षांचं साचलंय, आज ऐकून घे. घर विकायला काढलंय, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तू मधेच तोडशील. देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षी तू गेलीस. तेव्हापासून दर वैशाखात या घराची कौलं मीच परतवून घेते, वाळवी लागलेले वासे मीच बदलते, विहिरीतला गाळ मीच उपसून घेते, आणि हे सगळं शाळा सांभाळून. तुझी बाकीची तिघं तिकडून उंटावरून शेळ्या हाकतात. "ताई, पडवीकडे लक्ष दे हं, गळत असेल." गळत असेल! गेल्या श्रावणात अर्धी पडवी खाली आली तेव्हा मी एकटी पुस्तकांच्या पेट्या माजघरात ओढत होते. आता अलिबागच्या शाळेत माझी बदली झाली आहे, शाळेजवळ दोन खोल्या बघून ठेवल्यात. बावन्न वर्षांची झाले मी. शिडी लावायची म्हटली की गुडघा आधी नाही म्हणतो.

विकू या म्हटल्यावर तिघांचीही होकाराची कार्डं आली. धाकटा, म्हणजे तुझं शेंडेफळ, मुंबईला गोदीत आहे. मधली ठाण्याला तिच्या सासरी. आणि काकांचा मुलगा, ज्याला काकी गेल्यावर तूच वाढवलंस, तो दादरला छापखान्यात. चौघांच्या सह्या हव्यात, त्याही अलिबागला रजिस्टर कचेरीत, आणि पावसाळा लागून रेवसची लाँच बंद व्हायच्या आत. खरं सांगू? घर जाण्याची मला भीती नव्हती. भीती दुसरीच होती. ही माणसं दर मे महिन्यात येतात ती घरासाठी की माझ्यासाठी, हे मला कधी कळलेलंच नाही. मला मूल ना बाळ. नवरा गेला तेव्हा तू बैलगाडी पाठवून मला परत आणलंस, त्यानंतर माझं गोत म्हणजे ही तिघंच. सह्या करताना यांची तोंडं एकमेकांकडून फिरली, माझ्याकडून फिरली, तर अलिबागच्या दोन खोल्यांत मी घावने कुणासाठी घालायचे? म्हणून सगळं गोडीगुलाबीनं व्हावं एवढं एकच देवाकडे मागितलं होतं. पण तू काय करून ठेवलं होतंस ते देवाला तरी कुठे ठाऊक!

तिघं परवा आली. फणस कापला, हात तेल लावून धुतले, हसली, खिदळली. मधली तुझ्या पाट्यावर वाटण वाटायला बसली आणि रडली, मग नाक पुसून "ताई, यात मीठ कमी आहे" म्हणाली. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. काल सकाळी घर घेणारे शेठ मुंबईहून आले, बरोबर फीत घेतलेला माणूस. शेठ माणूस भला आहे. घर बघितलं, विहिरीचं पाणी ओंजळीनं पिऊन बघितलं, गोड आहे म्हणाला. मग विहिरीजवळच्या माडाकडे मान वर करून म्हणाला, "बाई, हा झाड काढावा लागेल. इथे माझी मोटार उभी राहणार. नारळ पडला तर काच गेली."

"तो माड तोडायचा नाही," धाकटा म्हणाला. "तो माझा आहे."

"तुझा?" मधली हातातलं सूप टाकून अंगणात आली. "तुझा कसा? आईनं माझ्या नावानं लावलाय तो. माझ्या लग्नात त्याचाच नारळ ओटीत घातलाय तिनं."

"काय बोलतेस तू!" धाकटा म्हणाला. "मी मुंबईला निघालो तेव्हा त्याला हात लावून नमस्कार करायला लावलाय मला."

काकांचा मुलगा तुला माहीतच आहे, कमी बोलणारा. तो पायरीवर बसला होता. तिथूनच हळूच म्हणाला, "काकूनं मला सांगितलं होतं, तो माझा आहे." त्याचं ते ऐकून दोघांनाही आणखी चेव चढला. अर्धा तास, आई! चाळिशी उलटलेली तीन माणसं, केस पिकायला लागलेली, एका माडाखाली पोरांसारखी भांडत होती, आणि शेठ माझ्याकडे बघत होता. मी डोक्याला हात लावून बसले.

शेठला मी समजावून सांगितलं, आमच्याकडे मूल झालं की त्याच्या नावानं माड लावतात. बाळाची नाळ वाळून पडली की ती खड्ड्यात टाकायची, वर राख, मूठभर मीठ, आणि त्यावर रोप. मूल वाढतं तसा माड वाढतो. शेठ म्हणाला, "चांगली रीत आहे. पण बाई, झाड एक आणि पोरं तीन?" याचा हिशेब आता तूच सांग.

काकांच्या मुलाचं मला ठाऊक होतं, हे कबूल करते. तो सहा वर्षांचा असेल, विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेला. मी बाराची. तू त्याला चुलीजवळच ठेवलं होतंस, डोळ्यांसमोर असावा म्हणून. अजून दिसतंय मला. चुलीत नारळाची सोडणं धुमसतायत, तू पेजेचा वाडगा हातात घेऊन फुंकर मारते आहेस, आणि तो कोरड्या ओठांनी विचारतो, "काकू, माझा माड कसा आहे?" पोराला कुणीतरी सांगितलं असणार की माड वाळला की माणूस वाळतं. तू क्षणभरही थांबत नाहीस. "ठणठणीत आहे. विहिरीजवळचा तो तुझाच की रे. बघ कसा वर गेलाय." मी काही बोलणार तेवढ्यात तू माझ्याकडे डोळे वटारलेस, आणि नंतर मागीलदारी नेऊन दंडाला असा चिमटा काढलास की चार दिवस निळं होतं. "माणसं नि माड मोजत बसू नये," म्हणालीस. मी आज पोरांना मोजणी शिकवते. इतकी वर्षं शिकवते, पण माडांकडे बघितलं की अजून दंड दुखतो. पोर मात्र पेज प्यायलं आणि उठलं. पण बाकी दोघांनाही तू तोच माड देऊन ठेवलायस, हे मला कुठे माहीत होतं? आपण निघून जायचं आणि निस्तरायचं मागच्यांनी, असं असतं का गं!

शेवटी नारळ पाडायला येतो त्या म्हाताऱ्याला बोलावलं. तुझ्याच वेळचा तो, पासष्टी उलटली तरी पायात दोरीचा फास अडकवून सरसर चढतो. तुझे सगळे खड्डे त्यानंच खणलेले. धाकट्यानं त्याला विचारलं, "हा कुणाच्या नावाचा, खरं सांग." म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, मग माडाकडे, मग पागोट्याचं टोक सोडून तोंड पुसलं.

"खरं सांगू? कोनाचाच न्हाय."

"म्हणजे?"

"ह्यो लावलाच न्हाय कोनी. इहिरीच्या काठाला नारल पडला व्हता, ऱ्हायला, रुजला. तुमचं समद्यांचं लावलं व्हतं ना, म्याच खड्डं खनलं. येकाला भुंगा लागला. येक म्हशीनं खाल्ला." मग मधलीकडे वळून म्हणाला, "तुजा तर पयल्याच पावसात कुजला, बाय."

मधलीनं तोंडावर पदर घेतला. "कुजला आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुजी आय म्हनली, सांगू नको. पोरांच्या जिवाला घोर नको. म्हनली, हाय त्यो समद्यांना पुरंल."

मला वाटलं, आता तरी सोडतील. कुणाचाच नाही म्हटल्यावर हट्ट कशाचा? छे! भांडण मिटलं ते भलतीकडेच मिटलं. धाकटा म्हणाला, आईनं मला दिला म्हणजे माझाच. मधली म्हणाली, माझाही. काकांचा मुलगा पायरीवरून उठला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, "शेठ, माड तोडणार असाल तर मी सही करणार नाही." लगेच दोघं त्याच्या बाजूला जाऊन उभी राहिली. घटकाभरापूर्वी एकमेकांच्या झिंज्या उपटायला निघालेली! वाशांना वाळवी लागली, पडवी पडली, तेव्हा यांतलं एकही असं उभं राहिलं नव्हतं. माझ्या दाताच्या कण्या झाल्या तेव्हा ऐकलं नाही, आणि माडासाठी मात्र फौज उभी. मी इतकी चिडले की स्वयंपाकघरात जाऊन रिकामी भांडी पुन्हा घासली. बाहेरून धाकट्यानं विचारलं, "ताई, तुझा कुठला गं?" मी आतूनच ओरडले, "गोठ्यामागचा! केव्हाच गेला! मला नाही असली खुळं!"

शेठ हसला बिचारा. म्हणाला, "एका झाडासाठी एवढा झगडा कशाला? मोटार पलीकडे उभी करीन." खरेदीखतात लिहून द्यायला तयार झाला, विहिरीकाठचा माड तोडणार नाही, आणि मे महिन्यात ह्या मंडळींना येऊन बघता येईल. तिघं खूश. मधलीनं शेठला कोकमाचं सरबत दिलं. ठरलं, दर वर्षी मे महिन्यात तिघांनी अलिबागला माझ्याकडे उतरायचं आणि एक दिवस इथे माड बघायला यायचं. माझ्याकडे उतरायचं, असं ते स्वतःहून म्हणाले, आई. मी परत आत गेले आणि घासलेली भांडी तिसऱ्यांदा घासली.

आज सकाळी म्हाताऱ्याला त्या माडावर चढवलं. प्रत्येकाला जाताना चार चार नारळ हवेत ना! तिघं पडवीत बसून नारळ धपाधप पडताना मोजत होती. तो वर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मी खाली उभी राहून बघत होते. त्यानं शेंड्याला कान लावला, मधल्या कोवळ्या झावळीला हात घातला, आणि ती अलगद त्याच्या हातात आली. खाली उतरल्यावर ती त्यानं कुणाला दिसू दिली नाही, विहिरीमागे टाकली. मला बाजूला बोलावलं.

"बाय, कोंब गेला. भुंगा शिरलाय आत, कुरकुर आयकू येती. औंदाचं वरीस काडील. पुडं न्हाय."

"उपाय?"

"न्हाय काय. लई आत गेलाय." मग पडवीकडे मान करून हळू म्हणाला, "त्यांना सांगू?"

काय झालं बघ. माझं तोंड उघडलं आणि माझ्या आधी तूच बोललीस. "सांगू नको," मी म्हटलं. अगदी तुझ्या आवाजात. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि दोरीचा फास खांद्यावर टाकून नारळ गोळा करायला लागला.

पडवीतून धाकट्यानं हाक मारली, "ताई! काय म्हणतोय तो? कसा आहे आमचा माड?"

"ठणठणीत आहे," मी म्हटलं.

आता दुपार आहे. जेवणं झाली आणि तिघं समुद्रावर गेली आहेत, उद्या सकाळी एस.टी.नं अलिबागला सह्यांना जायचं आहे. मी तुझ्या कोठीच्या खोलीत बसून हे लिहिते आहे, आणि माझ्यावरच चिडते आहे. पुढल्या मेमध्ये ती येतील, माड बघतील, तेव्हा मी काय सांगणार, मला ठाऊक नाही. तू असतीस तर काहीतरी सुचवलं असतंस. तेवढ्यापुरतं तुला माफ करते, पूर्ण नाही.

पत्र कुठे पाठवू? तुझा मला माहीत असलेला एकच पत्ता, आणि उद्या दुपारनंतर तिथे दुसरं कुणी राहील. घडी घालून पेटीत ठेवते आहे, तांदळाच्या सुपाखाली. फक्त एक राहिलं. त्या दिवशी चुलीजवळ मी तोंड उघडलं होतं आणि तू डोळे वटारलेस, तेव्हा मी काय म्हणणार होते ते तुला पक्कं माहीत होतं. गोठ्यामागे माझा माड कधीच नव्हता. मी सहा वर्षांची असताना, सगळ्यांच्या आधी, तो विहिरीजवळचा तू मला दिला होतास.